व्हो-ल-व्हिकोंत : धनी गेला, वाडा राहिला

पॅरिसच्या आग्नेयेला सुमारे ५५ किलोमीटरवर व्हो-ल-व्हिकोंत हा प्रासाद आहे. चौदाव्या लुईचा अर्थमंत्री निकोला फुके याने तो १६६१पर्यंत बांधून घेतला. वास्तुरचना लुई ल व्होची, चित्रसजावट शार्ल ल ब्रंची आणि बाग आंद्रे ल नोत्रची. युरोपातल्या बरोक शैलीचा थाट इथे फ्रेंच शिस्तीत बसवलेला दिसतो.

प्रासादाभोवती जुन्या गढीसारखा पाण्याचा खंदक आहे, पण तो केवळ शोभेचा. मधोमध अंडाकृती दिवाणखाना, त्यावर घुमट. दारातून नजर आरपार बागेत जाते. पायऱ्यांवरून बाग सलग भासते. चालत गेले की मध्येच खोलगटात आडवा पसरलेला लांबलचक कालवा समोर येतो. ही ल नोत्रची किमया!

१७ ऑगस्ट १६६१ रोजी फुकेने इथे राजाला मेजवानी दिली. मोलिएरचे नवे नाटक झाले, आतषबाजी झाली. ५ सप्टेंबरला फुकेला अटक झाली. राजाला हेवा वाटला म्हणून, असे सांगतात. पण फुकेच्या हिशेबांवरून कोल्बेर आधीपासूनच राजाचे कान भरत होता, आणि अटकेचा बेत मेजवानीपूर्वीच शिजला होता. तीन वर्षांच्या खटल्यानंतर न्यायाधीशांनी हद्दपारीची शिक्षा दिली. राजे लोक शिक्षा कमी करतात. या राजाने ती वाढवून जन्मठेप केली. फुके १६८० मध्ये कैदेतच वारला.

प्रासादातले पडदे, पुतळे, संत्र्यांची झाडे राजाने नेली. ते तिघे कलावंतही नेले आणि त्यांच्याकडून व्हर्साय घडवून घेतले. दिवाणखान्याच्या घुमटात ल ब्रं सूर्याचा महाल रंगवणार होता. ते चित्र राहूनच गेले.

फुकेच्या आश्रयाला ला फोंतेन हा कवी होता. पुढे पशुपक्ष्यांच्या कथांनी तो अजरामर झाला. त्यांतल्या काही कथा आपल्या पंचतंत्रातून फारसीमार्गे त्याच्यापर्यंत पोचल्या होत्या. धनी तुरुंगात गेल्यावर बरेच दरबारी दूर सरले. ला फोंतेनने मात्र व्होच्या जलदेवतांना उद्देशून शोककाव्य लिहिले आणि राजाकडे दया मागितली. राजाने ऐकले नाही. तरी पडत्या माणसाच्या बाजूने एका कवीने शब्द खर्च केले, ही नोंद राहिली.

१८७५ मध्ये आल्फ्रेद सोमिए या उद्योजकाने हा ओस पडलेला प्रासाद विकत घेऊन सावरला. १९६८पासून तो लोकांना खुला आहे. खार हे फुकेच्या घराण्याचे चिन्ह. राजाने सामान हलवले, पण भिंतींवरच्या खारी अजून तिथेच आहेत.