गव्हाणीत ठेवलेलं बाळ

नाताळ जवळ आला की बाळकुमच्या दुकानांत कागदी चांदण्या लटकू लागतात आणि सोसायटीतलं कुणी ना कुणी मला विचारतं, "तुम्हा ख्रिस्ती लोकांना या दिवशी एवढा आनंद नेमका कशाचा होतो हो?" केक आणि सांताक्लॉज हे उत्तर त्याला नको असतं. रामनवमीला पाळणा म्हटला जातो अशा घरातला तो असतो. देवाचा जन्म त्याला नवा नाही.

'नाताळ' हा शब्द पोर्तुगीजांनी दिला. त्याचा मूळ अर्थच जन्माशी जोडलेला. जन्माची तारीख मात्र बायबलमध्ये कुठेही नाही. २५ डिसेंबरची सर्वांत जुनी नोंद रोममधली, इ. स. ३३६ या सालची. तेव्हा आनंद तारखेचा नाही.

अवतार म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. पण आमची श्रद्धा अशी की, देव एकदाच आणि पुरता माणूस होऊन आला. भूक लागणारा, थकणारा, रडणारा आणि शेवटी मरणारा. तो आला तोही कसा? लूकच्या शुभवर्तमानात ती हकिगत आहे. सम्राट ऑगस्टसने नावनोंदणीचा हुकूम काढला, म्हणून नाझरेथचा योसेफ गरोदर मरियेला घेऊन बेथलेहेमला गेला. तिथे उतरायला जागा मिळाली नाही. बाळ जन्मलं, ते बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं. गव्हाण म्हणजे गुरांना वैरण घालायची जागा. शहरातल्या मुलांना हे आता सांगावं लागतं.

आणि ही बातमी पहिल्यांदा कुणाला कळली? राजवाड्याला नाही, मंदिरातल्या याजकांनाही नाही. रानात रात्रभर कळप राखत बसलेल्या मेंढपाळांना कळली. म्हणजे रात्रपाळीच्या माणसांना! बाळकुम नाक्यावरून रात्री भिवंडीच्या गोदामांकडे जाणारे ट्रकवाले, नव्या टॉवरच्या फाटकाशी शेकोटी करून बसलेले वॉचमन, हे पाहिले की मला ती गोष्ट फार जवळची वाटते. ज्याला कुठे जागा नाही त्याच्या बाजूला देव येऊन बसला, असं आम्ही मानतो. आमच्या आनंदाचं मूळ तिथे आहे.

असिसीच्या संत फ्रान्सिसला ही गव्हाण लोकांना डोळ्यांनी दाखवायची होती. इ. स. १२२३च्या नाताळात इटलीतल्या ग्रेच्चो गावी त्याने खरा बैल, खरं गाढव आणि गवत आणून देखावा मांडला. घरोघरच्या गोठ्यांची परंपरा त्यातून वाढली. (बैल आणि गाढव लूकच्या हकिगतीत नाहीत, पण गोठ्यातून त्यांना आता कोण बाहेर काढणार?) त्यानंतर शंभर वर्षांच्या आतच, १३२१मध्ये, याच फ्रान्सिसच्या पंथाचे चौघे जण आपल्या ठाण्यात आले होते आणि इथेच मारले गेले.

आनंदाच्या शेजारी मरण असणं ख्रिस्ती पंचांगाला नवं नाही. २६ डिसेंबर हा पहिला हुतात्मा संत स्तेफन याचा दिवस. २८ तारखेला हेरोद राजाने मारलेल्या बेथलेहेमच्या बालकांचं स्मरण. त्याच हेरोदाच्या भीतीने योसेफ आणि मरिया बाळाला घेऊन रातोरात इजिप्तला पळाले. म्हणजे गव्हाणीतलं बाळ लगोलग निर्वासित झालं. सगळं सुरळीत झालं म्हणून केलेला हा आनंद असता, तर दुसऱ्याच दिवशी हुतात्म्याची आठवण कशाला ठेवली असती? दुःख संपलं असं आम्ही म्हणत नाही. त्यात आपण एकटे नाही, एवढंच म्हणतो. 'इम्मानुएल' या नावाचा अर्थच 'देव आमच्याबरोबर' असा आहे.

बाकी कुलकुल, नेवऱ्या, नवे कपडे हे सगळं आहेच, आणि शेजाऱ्यांकडे फराळाचं ताट गेल्याशिवाय आमचा सण पुरा होत नाही. पण या दिवसांत एखाद्या चर्चमध्ये गेलात, तर गोठा नीट बघा. मरिया, योसेफ, मेंढरं सगळी आपापल्या जागी मांडलेली असतात. मधली गव्हाण २४ तारखेच्या रात्रीपर्यंत बहुधा रिकामी असते. बाळाची मूर्ती रात्रीच्या मिस्सेच्या वेळी आणून ठेवतात.