ड्रायव्हर लावला, तरी लेसर डायोड का उडतो?

तारापूर एमआयडीसीतल्या कारखान्यांत लेसरचं आता कोणाला नवल नाही. मशीनची लेव्हल काढायला, पट्ट्यावरून माल सरकला का ते पाहायला, कुठे ना कुठे तो असतोच. आतला डायोड गेला की बोईसरपासून पालघरपर्यंत एकच निदान कानावर येतं: ‘व्होल्टेज जास्त गेलं असणार.’

तसं नसतं. डायोड जळतो तो करंटने. लाल 650 नॅनोमीटरच्या डायोडवर जेमतेम सव्वादोन व्होल्ट पडतात. डायोड तापला की तेवढ्याच व्होल्टेजला तो जास्त करंट ओढतो आणि आणखी तापतो. म्हणून ड्रायव्हरने करंट बांधून ठेवायचा असतो. एलएम 317 या रेग्युलेटर आयसीने तो 1.25 भागिले रेझिस्टर इतका ठरतो. 36 ओहमला सुमारे 35 मिलिअँपिअर.

‘मग ड्रायव्हर लावला की काळजी मिटली’ हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. ड्रायव्हर असूनही कित्येक डायोड जातात. नऊ व्होल्टच्या सप्लायवर ड्रायव्हर चालू आहे आणि डायोड अजून जोडलेला नाही, असं समजा. करंटला वाट नाही, म्हणून आउटपुटचं व्होल्टेज चढत सातच्या आसपास जातं आणि तिथला कपॅसिटर तेवढा भरतो. आता डायोड टेकवला की साठलेला जादा चार्ज मायक्रोसेकंदांत त्याच्यातून जातो. ड्रायव्हरला सावरायची संधीच मिळत नाही. लूज वायर किंवा घासलेला प्रीसेटही हेच करतो. म्हणून आधी सप्लाय बंद, मग कपॅसिटर रिकामा, मग सोल्डरिंग. क्लिप लावून चाचणी नकोच. ड्रायव्हर आधी साध्या डायोडची माळ आणि एक ओहमचा रेझिस्टर लावून तपासावा. त्या रेझिस्टरवर जितके मिलिव्होल्ट, तितके मिलिअँपिअर.

फ्यूज? तो वितळेपर्यंत डायोडचं आरशासारखं टोक केव्हाच करपलेलं असतं.

‘आपल्याकडे समुद्राची दमट हवा, स्टॅटिकची भीती कसली’ हेही ऐकतो. दमट हवेत स्टॅटिक कमी होतं, संपत नाही; एसी लावलेल्या पॅनेल रूममध्ये तर हवा कोरडीच. अंगावरचा झटका आपल्याला साधारण तीन हजार व्होल्टला जाणवतो, डायोड काही शेकड्यांतच दुखावतो. मनगटाला अर्थचा पट्टा, आयर्नला अर्थिंग आणि जोडेपर्यंत डायोडच्या पिना शॉर्ट, इतकं तरी हवंच. कॉन्टॅक्टर आणि वेल्डिंग मशीनच्या लाइनवरून सप्लाय घेऊ नये, हे वेगळं सांगायला नको.

‘लाल उजेड येतोय, म्हणजे डायोड ठीक आहे’ हेही खोटं. मेलेला लेसर डायोड एलईडीसारखा मिणमिणतो. करंट वाढवूनही प्रकाश एकदम उसळत नसेल, तर तो गेला. 808 नॅनोमीटरचा डायोड मात्र डोळ्याला जवळपास दिसतच नाही. तो चालू आहे का, हे वाकून बघू नका. पॉवर मीटर लावा.