गवंड्याचा रोज

मोरीच्या फरशा नव्याने बसवावयाच्या असल्या की घरमालकाचा पहिला सवाल असतो, ‘रोज काय घेणार?’, आणि वस्तुतः त्या सवालातच त्याची अर्धी फसगत दडलेली असते, कारण त्या रोजात बिगाऱ्याची मजुरी धरली आहे की नाही आणि राडारोडा तिसऱ्या मजल्यावरून खाली कोणी न्यावयाचा, याचा खुलासा त्या एका आकड्यात कोठेच नसतो. 10 फूट लांब व 10 फूट उंच भिंत म्हणजे 100 चौरस फूट, अर्थात एक ब्रास. समजा, 800 रुपयांचा गवंडी दिवसाकाठी दोन ब्रास गिलावा करतो आणि 600 रुपयांचा एकच, तर महाग कोणाला म्हणावयाचे?

सार्वजनिक बांधकाम खात्याची दरसूची अशा हिशेबाला उपयोगी पडते खरी. परंतु किरकोळ दुरुस्तीला ती जशीच्या तशी लावणे अन्यायाचे, कारण दुपारी मोकळ्या झालेल्या कारागिराला उरलेल्या अर्ध्या दिवसाचे काम सहसा मिळत नाही. उक्ते काम द्यावे, तर घाई होते. रोजावर द्यावे, तर (आमचा अनुभव) चहा वाढतो!

आमच्या गवंड्याने पाण्याची नळी धरून नुसती पातळी पाहण्यात तासभर घालविला, तेव्हा मी मनातल्या मनात त्या तासाचे पैसे मोजीत होतो. काम संपल्यावर त्याने बादलीभर पाणी ओतले. ते कोपऱ्यात न रेंगाळता थेट जाळीत गेले.