अपडेटला आवर, फॉर्मला वाट

शेगावच्या कार्यालयातून मी सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतील मुलांचे शिष्यवृत्तीचे फॉर्म मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भरतो. विंडोज गुपचूप अपडेट उतरवू लागले की नेट मंदावते, दाखला अपलोड होत नाही. मुदत टळली तर मुलाचे पैसे जातात.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, विंडोज अपडेट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन असे जावे. तिथल्या अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये अपडेटच्या वेगाची टक्केवारी ठरवता येते. मी १० ठेवतो. याने वेग आवरतो, पण डेटा वाचत नाही. डेटा वाचवण्यासाठी हॉटस्पॉटच्या वाय-फायला ‘मीटर्ड कनेक्शन’ करावे. मग बहुतेक अपडेट थांबून राहतात.

मात्र ते कायमचे थांबवू नयेत. सुरक्षेचे अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघते. त्यानंतर काम नसलेल्या रात्री उतरवून घ्यावे.