ऑबर्नचे पत्र : छत उघडणाऱ्या मोटारींचा बाजार

इंडियाना राज्यातले ऑबर्न हे गाव बुलढाणा शहरापेक्षाही लहान. तरी सप्टेंबरच्या सुरुवातीला, कामगार दिनाच्या सुट्टीत, जुन्या मोटारी पाहायला तिथे देशभरातून माणसे लोटतात. १९३० साली बांधलेल्या ऑबर्न कंपनीच्या कार्यालयात १९७४ पासून मोटारींचे संग्रहालय आहे. ऑबर्न, कॉर्ड आणि ड्यूसेनबर्ग ही तिथली तीन मानाची नावे.

यातल्या ड्यूसेनबर्गशी एका मराठी घराण्याचेही नाते आहे. त्या काळी कारखाना बहुधा चासी आणि इंजिनच विकायचा. वरची बॉडी गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कारागिराकडून बांधून घ्यायचे. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० च्या दशकाच्या मध्यात ड्यूसेनबर्गची 'एसजे' गाडी घेतली आणि लंडनच्या गर्नी नटिंगकडून तिच्यावर केशरी-काळ्या रंगाची उघडी बॉडी चढवली. सुपरचार्जर लावलेल्या आठ सिलिंडरच्या तिच्या इंजिनाची ताकद ३२० अश्वशक्ती सांगितली जाई. पुढे ती अमेरिकेतल्या संग्राहकांकडे गेली. होळकरांची पारखी नजर समजून घ्यायला त्यांच्या माणिकबाग राजवाड्याइतकीच ही गाडीही पाहण्यासारखी आहे.

'जे' मालिकेच्या सगळ्या मिळून सुमारे ४८० गाड्या निघाल्या. आखूड चासीच्या 'एसएसजे' तर दोनच : एक सिनेनट क्लार्क गेबलची, दुसरी सिनेनट गॅरी कूपरची. कूपरची गाडी ऑगस्ट २०१८ मध्ये लिलावात २ कोटी २० लाख डॉलरला गेली.

ठरवून मात्र दुर्मिळता येत नाही. गाडी उलटली तर प्रवाशांचे काय, यावर सरकार कडक नियम आणणार या धास्तीने १९७० च्या दशकात अमेरिकी कारखान्यांनी कन्व्हर्टिबल, म्हणजे छत उघडणाऱ्या गाड्या, बंद करत आणल्या. १९७६ ची कॅडिलॅक एल्डोराडो 'शेवटची' म्हणून गाजली. त्या वर्षी अशा १४,००० गाड्या बनल्या. भाव चढेल या आशेने लोकांनी त्या न चालवता झाकून ठेवल्या. १९८० च्या दशकात कन्व्हर्टिबल परत आल्या, तेव्हा फसवणुकीचा दावा घेऊन काही मालक कोर्टात गेले. साठवणूक इतकी झाली, की ८.२ लिटर इंजिनाची ही आलिशान गाडी आजही ड्यूसेनबर्गच्या मानाने अगदी आवाक्यातली आहे. हौसेने चालवणाऱ्यासाठी तीच खरी खरेदी.

खामगावच्या बाजारात कापसाची प्रत हातात घेऊन पाहतात, तशी जुन्या मोटारींच्या लिलावात बोलीआधी गाडी खालून पाहतात. इंजिनाचा आणि चासीचा क्रमांक कागदांशी जुळवतात, छत उचलणारी हायड्रॉलिक मोटर चालवून बघतात. सगळ्यात मोठी धास्ती गंजाची. उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. ते चासीच्या सांध्यांत शिरते. पक्के छत नसल्याने कन्व्हर्टिबलचा सगळा भार खालच्या सांगाड्यावर असतो. तो कुजला, की दरवाजे नीट लागत नाहीत आणि दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीवर जातो. म्हणूनच गिऱ्हाईक कोरड्या हवेच्या ॲरिझोनातली गाडी शोधते, आणि जानेवारीत तिथल्या स्कॉट्सडेल शहरात मोठे लिलाव होतात.