गोव्याची मॅच मुंबईत; चाहत्यांची खरी परीक्षा रेल्वेच्या तिकिटापासून

सावंतवाडी : एफसी गोवाची मॅच मुंबईत लागली की सावंतवाडी, दोडामार्ग, बांदा पट्ट्यातल्या फुटबॉलवेड्या पोरांचा पहिला प्रश्न 'कोण खेळणार' हा नसतो. 'तिकीट गावला काय?' हा असतो. आणि तिकीट म्हणजे स्टेडियमचं नव्हे, कोकणकन्येचं.

इंडियन सुपर लीगमध्ये नेहमीच्या पद्धतीने प्रत्येक संघ दुसऱ्या संघाशी दोनदा खेळतो. एकदा आपल्या मैदानावर, म्हणजे 'होम', आणि एकदा समोरच्याच्या मैदानावर, म्हणजे 'अवे'. जिंकलं तर ३ गुण, बरोबरी झाली तर १. गोव्याचं घर म्हणजे मडगावजवळचं फातोर्डा. तिथे साधारण १९ हजार माणूस बसतं आणि 'ईस्ट लोअर आर्मी' या चाहत्यांच्या गटाचे ढोल अख्खी मॅच वाजत असतात. मुंबई सिटीचं मैदान अंधेरीतलं शहाजी राजे भोसले क्रीडा संकुल. ते बरंच लहान, साधारण ७ हजारांचं. बहुतेक खुर्च्या यजमानांच्या, त्यांचा 'वेस्ट कोस्ट ब्रिगेड' हा गट आधीच जागा धरून बसलेला. पाहुण्यांच्या वाट्याला एखादा कोपरा. म्हणून तारीख जाहीर झाल्यापासूनच मोबाईलवर मेसेज फिरू लागतात.

खरी अडचण तारखेचीच. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. लीगचं वेळापत्रक मात्र दरवेळी तेवढं आधी हातात पडत नाही. २०२४-२५ च्या हंगामात तर आधी डिसेंबरअखेरपर्यंतच्याच मॅच जाहीर झाल्या होत्या. तारीख कळेपर्यंत कोकणकन्या 'वेटिंग'वर गेलेली असते. त्यात मार्च म्हटला की शिमगा. चाकरमानी मुंबईहून गावी येणार आणि परत जाणार, त्याच गाड्यांत ही पोरं शिरणार. मग तत्काळ, नाहीतर जनरल डबा. नाहीतर चौघांनी मिळून गाडी करायची आणि मुंबई-गोवा महामार्गाच्या नावाने बोटं मोडत जायचं.

वंदे भारत आहे ना, असं कुणीही म्हणेल. जून २०२३ मध्ये ती सुरू झाली, कणकवलीला थांबतेही. पण ती दुपारी मडगावहून सुटून रात्री दहानंतर मुंबईत पोचते. मॅच साधारण साडेसातची. म्हणजे उतरेपर्यंत खेळाडू अंघोळ करून हॉटेलात! चाहत्यांसाठी सोयीची पडते ती कोकणकन्याच. आदल्या संध्याकाळी मडगावहून निघते, पहाटे मुंबईत. दिवसभर नातेवाइकांकडे पडी टाकायची, दुपारनंतर अंधेरी. मेट्रोचं आझाद नगर स्टेशन मैदानाजवळच आहे. मॅच साडेनऊच्या आसपास संपते आणि परतीची कोकणकन्या अकराच्या सुमारास सीएसएमटीहून सुटते. अंधेरीहून दादर नाहीतर ठाणे गाठेपर्यंत जीव मुठीत. ती चुकलीच तर मध्यरात्रीनंतर दादरहून तुतारी. ती सावंतवाडीपर्यंतच येते, म्हणजे आपल्याकडच्यांना उलट बरीच. हाल मडगाववाल्यांचे.

एवढा खटाटोप एका लीग मॅचसाठी का? उत्तर गुणतक्त्यात आहे. २०२२-२३ पासून पहिले सहा संघ बाद फेरीसाठी पात्र ठरू लागले. त्यातले पहिले दोन थेट उपांत्य फेरीत. तिसरा ते सहावा यांची एकच मॅच, हरला तो घरी. ती मॅच तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकाच्या संघाला आपल्या मैदानावर मिळते. म्हणजे नोव्हेंबरात परक्या मैदानावर काढलेली एखादी बरोबरी पुढे फातोर्ड्यातली मॅच मिळवून देते, किंवा घालवते. जाणकार चाहता घरच्या विजयापेक्षा बाहेरचा एक गुण जपून मोजतो, तो उगाच नाही.

शिवाय गोव्याच्या मोठ्या आठवणी बाहेरच्याच. १९ फेब्रुवारी २०२० रोजी जमशेदपूरला जाऊन ५-० ने जिंकले आणि लीग शिल्ड नक्की झाली. त्या जोरावर एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत पोचणारा हा पहिला भारतीय क्लब ठरला. मार्च २०१९ च्या उपांत्य फेरीत तर मुंबईतच ५-१. उलट घरचं मैदान वाचवतंच असंही नाही. २४ एप्रिल २०२४ ला फातोर्ड्यात मुंबईविरुद्ध ९० मिनिटं होत आली तेव्हा गोवा २-० पुढे होता. लोक उठायला लागले होते. पुढच्या काही मिनिटांत तीन गोल खाल्ले आणि मॅच ३-२ ने गेली. मुंबईचं नाव काढलं की त्या रात्रीचा विषय निघतोच.

मध्ये दोन हंगाम 'होम' आणि 'अवे' फक्त कागदावर उरले होते. कोरोनामुळे २०२०-२१ आणि २०२१-२२ ची लीग अख्खी गोव्यातच झाली, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोच्या टिळक मैदानावर. लीग दारात आली, पण लीगच्या मॅचना प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. दोडामार्गहून तासा-दोन तासांवरची मॅच टीव्हीवर बघावी लागली.

मुंबईत पाहुण्यांचा कोपरा अगदीच ओकाबोका नसतो, त्याचं कारणही जुनं आहे. धोबीतलाव, गिरगाव भागात गोवेकरांच्या गावोगावच्या 'कूड' आहेत, जहाजावर जाणाऱ्यांनी वसवलेल्या. आपल्या जिल्ह्याचे चाकरमानी तर परळपासून विरारपर्यंत. त्यामुळे गावाहून आलेल्यांना झोपायला जागा आणि ओरडायला जोडीदार मिळतो. काही घरांत बाप मुंबई सिटीचा आणि भाचा गोव्याचा, असाही मामला असतो.

गोव्याच्या संघाला 'गौर' म्हणतात आणि त्यांच्या चिन्हावर गवा आहे. केळीच्या बागा तुडवणाऱ्या गव्याला इथला शेतकरी शिव्या घालतो, आणि त्याचाच पोरगा गव्याची जर्सी घालून सावंतवाडी स्टेशनावर उभा असतो.

जाणाऱ्यांनी एवढं बघावं : स्टेडियमचं तिकीट पाहुण्या समर्थकांच्या स्टँडचंच काढावं, यजमानांच्या स्टँडमध्ये गोव्याची जर्सी घालून बसल्यास सुरक्षारक्षक उठवू शकतात. पाण्याची बाटली, पॉवर बँक, हेल्मेट सहसा गेटवरच अडवतात. आणि परतीचं तिकीट जाण्याच्या तिकिटाआधी बघावं.