दंडाचा स्नायु ताणला गेल्यास काय करावें

सुगीच्या घाईंत पोतें उचलतांना किंवा गाडींतून निसटणारें ओझें सांवरतांना दंडांत एकदम कळ येते, हा अनुभव पुष्कळ शेतकरी बंधूंस असेल. अशा वेळीं बहुतेक जण 'काम करतां करतां मोकळा होईल' असें म्हणून तोच हात राबवितात व थोड्या विश्रांतीनें बरें होणारें दुखणें महिनोगणती अंगावर काढतात. म्हणून या दुखण्याचा थोडक्यांत विचार आम्ही येथें करीत आहों.

कोपर वांकविलें असतां दंडाच्या पुढील बाजूस जी बेटकुळी वर येते, तोच हा स्नायु. त्याचीं वरचीं दोन टोंकें खांद्याच्या फऱ्यास व खालचें टोंक कोपराखालीं आंगठ्याकडील हाडास चिवट कंडरांनीं जोडलेलें असतें. कोपर वांकविणें व तळहात वर वळविणें हीं त्याचीं मुख्य कामें. वांकविलेला हात जड ओझ्यानें बळेंच सरळ होऊं लागला म्हणजे स्नायु आंखडूं पाहतो आणि ओझें त्यास ताणतें. या ओढाताणींत त्याचे तंतु तुटतात. थोडे तुटल्यास हात दुखतो, पण बळ कायम राहतें. अधिक तुटल्यास सूज येते, कातडी काळीनिळी पडते व ओझें उचलवत नाहीं.

पहिले दोन-तीन दिवस ओझें उचलणें बंद ठेवावें. बर्फ फडक्यांत गुंडाळून 15 ते 20 मिनिटें, दिवसांतून तीन-चार वेळां दंडावर धरावा. नुसता बर्फ कातडीस लावूं नये. रुंद पट्टी बांधावी, पण बोटें बधिर होतील इतकी आंवळूं नये. या दिवसांत शेक देणें व जोरानें चोळून घेणें टाळावें, कारण त्यानें आंतील रक्तस्राव व सूज वाढते. मात्र हात फार दिवस झोळींत अडकवून ठेवल्यास सांधे आंखडतात. कळ कमी होतांच कोपर हळूहळू वांकवावें व सरळ करावें. पुढें पाण्यानें भरलेला तांब्या उचलून पाहावा, आणि दुसऱ्या दिवशीं दुखणें न वाढल्यास वजन वाढवीत जावें. साधी दुखापत दोन-तीन आठवड्यांत बरी होते. मोठीस दीड-दोन महिनेही लागतात.

तथापि दुखापतीच्या वेळीं 'कट्' असा आवाज झाला, बेटकुळीचा गोळा जागेवरून सरकला, किंवा तळहात वर वळविण्याचें बळ गेलें, तर कंडरा तुटली असण्याचा संभव असतो. कोपराजवळील कंडरा तुटल्यास शस्त्रक्रिया पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सुकर होते. सुगी संपेपर्यंत थांबल्यास ती कठीण होते. म्हणून डॉक्टरांस तत्काळ दाखवावें. तसेंच ओझें न उचलतां दंड दुखूं लागला आणि छातींत दडपण, घाम किंवा धाप असेल, तर तें स्नायूचें दुखणें न समजतां हृदयविकाराच्या शंकेनें त्याच घटकेस रुग्णालय गांठावें.

जड पोतें दोघांनीं मिळून उचलावें, ओझें अंगाशीं धरावें, आणि निसटलेलें पोतें झेलूं नये, पडूं द्यावें. सांडलेलें धान्य पुन्हां भरतां येतें. तुटलेली कंडरा पूर्ववत् होईलच असें नाहीं. हाच नियम आपल्या गड्यांसही लागू करावा, अशी आमची वाचकांस विनंती आहे.